आपण यांना पाहिलंत का?

२६ मार्च २०२२ रोजी पुण्यात ओलाची एक इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्याकडेला उभ्या-उभ्या पेटली. धुराचा व्हिडिओ देशभर फिरला. एप्रिल सरता सरता कंपनीने सांगितलं, की प्राथमिक पाहणीनुसार ही बहुधा एकटीदुकटी घटना असावी. आणि ह्या एकट्यादुकट्या घटनेपायी कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. स्वेच्छेने, बरं का. स्वेच्छा जागी होण्याच्या दोन-तीन दिवस आधी नितीन गडकरी यांनी हलगर्जी कंपन्यांना जबर दंड करू, सदोष गाड्या परत घ्यायला लावू, असा जाहीर दम भरला होता. त्याच महिन्यात ओकिनावाने ३,२१५ आणि प्युअर ईव्हीने २,००० गाड्या बोलावल्या. त्या एप्रिलात स्वेच्छेची साथच आली होती म्हणायची.

तरी ह्या मंडळींना पास करायला हवं. गाड्या बोलावल्या, आणि ‘बोलावतोय’ असं म्हणून बोलावल्या. आपल्याकडे एवढंही सहज घडत नाही. २०१० च्या मार्चमध्ये मुंबईत एक कोरी करकरीत नॅनो शोरूममधून घरी नेताना वाटेतच जळाली. पुढे आणखी काही जळाल्या. नोव्हेंबरात टाटा मोटर्सने सगळ्या नॅनोमालकांना विजेच्या आणि एक्झॉस्टच्या यंत्रणेत जादा संरक्षण फुकट बसवून द्यायचं जाहीर केलं. रस्त्यावर तेव्हा सत्तर हजारांवर नॅनो होत्या. मात्र हा रिकॉल नव्हे, हेही सोबत सांगितलं गेलं. म्हणजे कार्याला या, जेवून जा, पण आमंत्रण समजू नका. आता कंपनीच म्हणतेय की विशेष काही नाही, तर मालकाने रजा टाकून वर्कशॉपच्या रांगेत कशाला उभं राहावं? ज्याने जायचं त्याला ‘जायलाच हवं’ असं वाटलं नाही, तर फुकटचं कामसुद्धा कुणी करून घेत नाही. प्रतिष्ठा वाचवायला वापरलेलं सौम्य वाक्य शेवटी ग्राहकाच्या दारात उभ्या गाडीत जाऊन बसतं.

नकार देण्यात आपण एकटे नाही, एवढाच दिलासा. अमेरिकेतल्या पेलोटन कंपनीची ट्रेडमिल लहान मुलांना खाली ओढून घेत होती. एक मूल गेलं होतं. १७ एप्रिल २०२१ रोजी तिथल्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने लोकांना सांगितलं, घरात मुलं असतील तर हे यंत्र वापरू नका. कंपनी आयोगावरच उखडली: तुमचं म्हणणं चुकीचं, दिशाभूल करणारं. अठरा दिवसांनी, ५ मे रोजी, तीच कंपनी तीच सव्वा लाख यंत्रं परत घेत होती आणि तिचे प्रमुख आपण आधी चुकीचं वागलो असं सांगत होते. पुढे २०२३ मध्ये एक कोटी नव्वद लाख डॉलर दंड बसला. त्यामागची कारणं दोन. धोका कळूनही वेळेवर कळवलं नाही, आणि परत बोलावलेली काही यंत्रं नंतरही ग्राहकांच्या घरी पोचली. कळल्यापासून चोवीस तासांत आयोगाला कळवा, असा तिथला नियम आहे. तो केला तेव्हा वकिलांची पहिली बैठकच अठ्ठेचाळीस तास चालते, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

असो. नकार संपला की जाहिरात येते. कंपनीचा नवा कुकर बाजारात येतो तेव्हा पहिलं पान अख्खं व्यापतो, नटी हसते, वाफसुद्धा फोर कलरमध्ये निघते. तोच कुकर परत घ्यायचा म्हटलं की तेराव्या पानावर, टेंडर आणि नावबदलाच्या नोटिशींच्या शेजारी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, इंग्रजीत एक चौकट. तिच्यात कंपनी गुणवत्तेशी किती बांधील आहे हे दोन ओळींत. पुढे ‘अत्यंत सावधगिरीचा उपाय म्हणून’. त्यानंतर बारा आकडी बॅच क्रमांक, जो वस्तूवर नेमका कुठे लिहिलाय ते सांगायचं राहिलेलं. ‘वापरू नका, फुटू शकतो’ ही चार शब्दांची गोष्ट मात्र शोधून सापडत नाही. खरं तर नोटिशीत वस्तूचा फोटो हवा, क्रमांक कुठे बघायचा तिथे बाण हवा, आणि ती ज्या स्वयंपाकघरात वाचली जाणार तिथल्या भाषेत हवी. नोटीस लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही. हीच माणसं साबणाच्या वडीचा भाव दोन रुपयांनी उतरवतात तेव्हा मराठी अस्खलित लिहितात.

कुकर उदाहरणादाखल नाही घेतला. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. शिक्का नसलेले कुकर ऑनलाइन दुकानांत तरीही सुखाने विकले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अॅमेझॉनला सांगितलं, तुमच्या मंडईतून असे २,२६५ कुकर गेले आहेत, घेणाऱ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, आणि पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्या. वर एक लाख दंड. आता ह्या कुकरवर अॅमेझॉनला मिळालेलं कमिशन किती? कंपनीनेच सांगितल्याप्रमाणे ६ लाख १४ हजार ८२५ रुपये आणि ४१ पैसे. फ्लिपकार्टचे कुकर ५९८, कमाई १,८४,२६३ रुपये, दंड तोच एक लाख. घाऊक विक्रीला सूट असते हे ठाऊक होतं; दंडालाही असते हे नव्यानं कळलं.

दोघे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानेही आधी काय सांगितलं, तर ज्यांनी कुकर घेतलेत त्यांना कळवा.

जरा थांबून बघा. ज्या दुकानाला तुमचं नाव, पत्ता, मजला, लिफ्ट बंद असते हे, कुत्रा चावतो हे, आणि तुम्ही मध्यरात्री काय शोधता हे सगळं माहीत आहे. तुम्ही एक कुकर घेतलात की पुढचे सहा महिने जे तुम्हाला आणखी कुकर दाखवत राहतं. तुम्ही गाडीत टाकून न घेतलेल्या मोज्यांची जे रोज आठवण करतं, त्या दुकानाकडून २,२६५ निरोप जावेत म्हणून एका प्राधिकरणाला आणि एका उच्च न्यायालयाला बसावं लागलं.

जुन्या लोकांना मुंबई दूरदर्शनवरचं ‘आपण यांना पाहिलंत का?’ आठवत असेल. हरवलेल्या माणसांचे फोटो, रंग गव्हाळ, उंची पाच फूट तीन इंच, घरातून निघताना अंगात निळा सदरा. वस्तू विकेपर्यंत ग्राहक कंपनीच्या मांडीवर असतो. वस्तू परत घ्यायची वेळ आली की तो थेट ह्या कार्यक्रमात.

आणि पत्ता नसतो म्हणून तो सापडत नाही, हे म्हणणं मला पटत नाही. एका कंपनीने दोन वेळा दोन तऱ्हांनी ते खोटं पाडून दाखवलं आहे.

पहिली वेळ १९८२ ची. सप्टेंबर संपता संपता अमेरिकेत शिकागोच्या आसपास माणसं अचानक मरायला लागली. सात जणं गेली. सगळ्यांनी टायलेनॉल नावाच्या वेदनाशामक गोळीच्या कॅप्सूल घेतल्या होत्या आणि कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं होतं. कारखान्यात नव्हे, दुकानातल्या बाटल्यांत. कोण, ते आजवर ठरलेलं नाही. म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी हात वर करू शकली असती; ‘आमचा दोष नाही’ हे वाक्य तिच्या बाबतीत चक्क खरं होतं. तिने सुरुवातीला ठरावीक बॅचच परत घेतल्या. मग मात्र देशभरातल्या सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या काढून घेतल्या. दहा कोटी डॉलरवर पाणी सोडलं. कॅप्सूल घरात असतील तर घेऊ नका, परत करा, बदल्यात साध्या गोळ्या देतो म्हणून सांगितलं, फुकट दूरध्वनी सुरू केला. प्रमुख जेम्स बर्क स्वतः टीव्हीवर बसले. पोलिसांच्या गाड्या लाउडस्पीकर लावून शिकागोच्या गल्ल्यांतून फिरल्या. गोळीचा बाजारातला वाटा एका झटक्यात खाली आला आणि साधारण वर्षभरात पुन्हा बराचसा वर गेला. काही आठवड्यांतच तिहेरी सील असलेली बाटली आली. आज औषधाची बाटली उघडताना आपण जो चंदेरी पडदा नखाने खरवडतो, त्या सवयीची सुरुवात बरीचशी तिथली. व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून हा धडा शिकवतात, आणि शिकवावाच.

लक्षात घ्या, इथे कंपनीकडे एकाही ग्राहकाचा पत्ता नव्हता. डोकेदुखीची गोळी घेताना कोण नाव सांगतो? पत्ता नव्हता म्हणून ती सगळ्या देशाला ओरडून सांगत सुटली.

दुसरी वेळ २०१० ची. कंपनी तीच. तिच्या डेप्यू नावाच्या शाखेचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा कृत्रिम सांधा. घासून घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायचं, आजूबाजूचं मांस खराब व्हायचं, दुखणं जायच्या ऐवजी वाढायचं. ऑस्ट्रेलियातून तो २००९ च्या डिसेंबरातच काढून घेतला होता. बाकी जगातून ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली. इतरत्र मात्र सामसूम. अमेरिकेतल्या रुग्णांशी २०१३ साली सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली २०१७ मध्ये, म्हणजे सांधे परत बोलावल्याला सात वर्षं होत आल्यावर. समितीने शोध घेतला तर ४,७०० पैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागेना.

गोळीची बाटली नव्हती ती. भूल देऊन, फॉर्मवर तीन ठिकाणी सही घेऊन, पुढे पैसे भरा मागे पावती घ्या करत, वॉर्ड आणि खाट नंबरासकट माणसं दाखल झाली होती. सांध्याचा क्रमांक केसपेपरवर चिकटवायचा असतो. बिल सहा आकडी. एवढ्या कागदांतून माणूस हरवतो कसा? कंपनी सांगते पुरवठादाराला, पुरवठादार सांगतो डॉक्टरला, डॉक्टरचं रुग्णालय बदललेलं, रुग्णालयाचं दप्तर तळघरात, आणि कुणाच्या शरीरात काय बसवलंय याची देशपातळीवरची सक्तीची नोंदवही नाही. प्रत्येकाने पुढच्याला कळवल्याची पोच जपून ठेवली. जिला कळायला हवं होतं ती बाई आपली दुखतंय म्हणून तेल चोळत बसली. आपण यांना पाहिलंत का? रंग गव्हाळ, वय साठच्या पुढे, चालताना उजव्या पायावर भार देत नाहीत, खुब्यात परदेशी बनावटीचा सांधा, कंपनीने परत बोलावलेला.

जिथे पत्ता नव्हता तिथे कंपनी गल्लोगल्ली पोचली आणि जिथे खाट नंबरासकट पत्ता होता तिथे पोचली नाही. फरक पत्त्यात नसावा. गोळीचं गिऱ्हाईक उद्या पुन्हा गोळी घेणार होतं. खुबा माणूस एकदाच बदलतो.

उद्या पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी काय काय करता येतं याचा नमुना सॅमसंगने दाखवला. २०१६ मध्ये नोट ७ हा फोन पेटायला लागला. कंपनीने पंचवीस लाख फोन बदलून द्यायचं ठरवलं, बदलून दिलेलेही पेटले (दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्या, दोन वेगळे दोष, ही दुर्मीळ कामगिरी आहे), शेवटी फोनच बंद केला. परत पाठवायला आग न पकडणारा खोका आणि वर हातमोजे घरपोच. तरी काही जण फोन सोडेनात, तेव्हा दुरूनच सॉफ्टवेअर पाठवून त्यांचं चार्जिंग बंद पाडलं. शंभरातले शहाण्णव फोन परत आले. मनात आणलं तर कंपनी तुमच्या खिशात हात घालून वस्तू विझवू शकते.

आता जे मनात आणत नाहीत त्यांचं. फिशर-प्राइसने एप्रिल २०१९ मध्ये तान्ह्या मुलांसाठीचे सुमारे ४७ लाख उतरते झोपाळे परत बोलावले. तीसहून जास्त बाळं त्यात दगावली होती. सहा महिन्यांच्या आत घेतला असेल तर रोख पैसे, त्याहून जुना असेल तर आमच्याच दुसऱ्या वस्तूचं व्हाउचर, अशी अट. आता सहा महिन्यांत बाळ त्या झोपाळ्यात मावेनासं होतं. म्हणजे ज्या घरातून झोपाळा बहिणीकडे, शेजारणीकडे, जुन्या बाजारात जाणार, त्याच घराला तो परत करण्यात सगळ्यांत कमी फायदा. २०२३ च्या जानेवारीत तोच रिकॉल पुन्हा जाहीर करावा लागला. तोवर मृत्यूंचा आकडा शंभराच्या घरात गेला होता, आणि त्यातली किमान आठ बाळं पहिल्या घोषणेनंतरची. घोषणा केली त्या दिवशी कंपनीच्या फाइलवर ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा पडला असेल का, हा माझा कुजका प्रश्न.

कायदे आहेत आपल्याकडे, काळजी नसावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० खाली प्राधिकरण धोकादायक माल परत घ्यायला लावू शकतं. ऐकलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खाद्यपदार्थांसाठी २०१७ चे वेगळे नियम. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आणखी वेगळे, दंड दहा लाख ते एक कोटी, आणि किती मालकांनी तक्रार केली म्हणजे दोषाची दखल घ्यायची याचा तक्तासुद्धा. तुमचा ब्रेक एकट्याचाच लागत नसेल तर तुम्ही तक्त्यात बसत नाही. नेहमीच्या नोटिशीत एक आकडा मात्र सहसा दिसत नाही: एवढ्या विकल्या, एवढ्या परत आल्या, एवढ्या अजून बाहेर. दर महिन्याला तो छापायची सक्ती करा, त्याच पहिल्या पानावर, त्याच नटीच्या शेजारी. बघा कशी धावपळ होते.

जमत नाही म्हणावं तर २०१५ ची मॅगी आठवा. बंदी घालून माल परत घ्यायला लावणारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आदेश आला ५ जूनला. कंपनी ‘सुरक्षित आहे’ असं म्हणत राहिली आणि म्हणता म्हणता गावच्या शेवटच्या किराणा दुकानातल्या बरणीमागून पाकिटं काढून घेऊन गेली. हजारो टन नूडल्स सिमेंटच्या भट्ट्यांत जाळल्या. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, नव्या तपासण्यांत माल उतरला आणि नोव्हेंबरात मॅगी परत आली. देशातला सगळ्यांत नेटका रिकॉल अशा वस्तूचा झाला जी पुढे तपासणीत पास झाली. पण त्यातून एक कळलं. माल ज्या वाटेने गावात जातो ती वाट परतीलाही चालू असते. आणि ह्या वाटेवरचा दुकानदार बिल मागत नाही, कारण त्याने दिलेलं नसतं.

ग्राहकाकडून मात्र मागतात. मूळ बिल, वॉरंटी कार्ड, आणि मूळ खोका. मराठी घरात माळ्यावर खोके असतात हे खरं. पण त्या खोक्यात आता दिवाळीचे कंदील असतात, आणि कुकर गावी मावशीकडे असतो, किंवा कामाला येणाऱ्या बाईंना दिलेला असतो. त्यांच्या नावाने कुठल्याही अॅपवर खातं नाही. त्यांच्याकडे तुमचा ईमेल पोचायचा नाही. त्यांच्या गल्लीत रोज सकाळी घंटागाडी येते, तिला भोंगा असतो, आणि ओला कचरा सुका कचरा त्यांना त्या भोंग्याने पाठ करवला आहे. शिकागोच्या पोलिसांनी केलं ते आमची नगरपालिका रोज करते. तिला चार ओळी लिहून द्या आणि भाडं भरा.

आणि खरंच परत हवा असेल तर बोहारणीला नेमा. गल्ली तिला पाठ असते, कुणाच्या घरात कुठलं भांडं धूळ खात पडलंय ते माहीत असतं, आणि दुपारी कुणाचं दार उघडतं तेही. कुकर तिच्या ओंजळीत टाकला की ती तो उलटा करून बुडावरचा शिक्का बघेल, शिट्टी हलवून बघेल आणि स्टीलचा डबा काढून देईल. ना बिल मागेल, ना खोका, ना ओटीपी. डब्याऐवजी पातेलं हवं असेल, तर वर एक साडी द्यावी लागेल.